चौथं पाऊल

गेल्या गणपतीतली गोष्ट. इंदूरच्या सुदामानगरमधल्या आमच्या मंडपात पाचव्या रात्री मुलांनी तमाशातली गण-गवळण बसवली होती. दुपारभर पाऊस पडून गेला होता. ताडपत्रीच्या झोळात साचलेलं पाणी कुणीतरी मधूनच काठीने वर ढकलायचं आणि ते मागच्या रांगेच्या पायांशी भसकन सांडायचं. कोपऱ्यावरच्या गाडीवरून भाजत्या भुट्ट्यांचा धूर आत येत होता, त्यात अगरबत्तीचा आणि ओल्या सतरंजीचा वास मिसळला होता. मोठी मावशी माझ्या शेजारी पहिल्या रांगेत, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरून बसली होती. ती आता ८६ वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं. गण झाला, डोक्यावर हंडे घेऊन गौळणी आल्या आणि त्यांच्या मागून मावशी आली. म्हणजे गवळणीतली मावशी. दिवसभर संगणकासमोर बसणारा, सत्तावीस वर्षांचा कॉलनीतला मुलगा. निळं इरकली लुगडं, रुपयाएवढं कुंकू, उजवा हात उजव्या गुडघ्यावर. एक पाऊल, दोन पावलं, तीन. मग थबकून मान मागे वळवायची, पोरी मोजायच्या, ‘आहात ना गं सगळ्या?’ म्हणायचं आणि पुन्हा एक, दोन, तीन. मंडप हसायला लागला. माझ्या घशात मात्र काहीतरी दाटून आलं, कारण ही चाल माझ्या बाबांची होती. आमच्या घरच्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेला तुकडा त्या मुलाने मोबाईलवर शंभरदा पाहिला होता, हे मला माहीत होतं. तरीही बाबा गेल्यानंतर इतक्या वर्षांनी ते पाय पुन्हा स्टेजवर दिसतील याची माझ्या मनाची तयारी झालेली नव्हती. मी पदराने डोळे टिपत होते, तेवढ्यात मोठी मावशी माझ्याकडे झुकली.

“तीन नाही,” ती म्हणाली. “चार पावलांनी थांबायचे मी.”

तोपर्यंत माझी समजूत होती की ती चाल बाबांनी शोधून काढली. निदान माझ्यापुरतं मी तसंच ठरवून टाकलं होतं. रामबागेतल्या आमच्या वाड्यात १९७१ साली बाबांनी पहिल्यांदा मावशी केली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर १९९३ पर्यंत, वाडा विकला जाईपर्यंत, एकही वर्ष चुकलं नाही. बाबा एका मिलच्या कचेरीत कारकून होते. घरात फारसं न बोलणारा माणूस. जेवताना वाढलेलं निमूट खायचे, मीठ कमी असलं तरी सांगायचे नाहीत. पण गणपती बसायच्या आदल्या रविवारी ते अंगणातल्या नळाशी आरसा टेकवून मिशी काढायचे. गालावर तुरटी फिरवायचे. तो तुरटीचा थंड, ओला वास आला की आम्हा पोरांना कळायचं, मावशी यायला लागली. मिशी दसऱ्यापर्यंत पुरती परत आलेली असायची. लुगडं आजीचं होतं, आणि ते नेसवायची आई. कासोटा घालताना ती गंभीर असायची, जणू नवरीला तयार करते आहे. बाबांनी छातीशी टॉवेल-बिवेल कधीही कोंबले नाहीत. इतर मंडळांत ते चालायचं, लोक त्यालाच हसायचे. बाबांचं म्हणणं होतं की बाई दाखवायची तर खांद्यात आणि मानेत दाखवायची, बाकी लुगडं बघून घेतं.

गवळणीतल्या मावशीचं काम तसं पाहिलं तर फार थोडं. तमाशात गणानंतर गवळण येते. गौळणी दही-दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, वाटेत पेंद्याला घेऊन कृष्ण उभा असतो, तो दान मागतो, मग हुज्जत, मग नाच-गाणं, आणि पुढे बतावणी, मग वग. मावशी ही त्या पोरींची म्होरकी, त्यांना बाजारात नेणारी आणि सांभाळून परत आणणारी. कथेत तिला आगापिछा नाही. तिचा नवरा कोण, गाव कोणतं, ती कुणाची सख्खी मावशी, कुणीही विचारत नाही. कोकणातल्या नमन-खेळ्यांत पाहा, देशावरच्या तमाशात पाहा, ती आहेच. एकनाथांनी गवळणी रचल्या त्यात यशोदा आहे, राधा आहे, तक्रार घेऊन आलेल्या गोपी आहेत. ही दणकट, तोंडाळ, पोरींच्या मागे उभी राहणारी बाई मात्र मला तमाशाच्या बोर्डावर घडलेली वाटते. पेंद्याचं तसं नाही, तो संतांच्या काल्यातूनच लंगडत, बोबडं बोलत इथवर आला. या दोघांमध्ये हशा वाटून दिलेला असतो, आणि दोघांचीही अंगं सरळ नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. नाट्यशास्त्रात भरताने विदूषकाचं रूप सांगितलं आहे: बुटका, दातरा, कुबडा, वेडावाकडा चेहरा, टक्कल. म्हणजे कृष्णाच्या वाटेवर उभा असलेला पेंद्या त्याच घराण्यातला. देवाचा सगळ्यात जवळचा सवंगडी वाकडा आणि देवाला अडवणारी एकटी बाई गुडघा धरून चालणारी.

अडवणारी म्हणते ते मुद्दाम. आमच्या वाड्यातला प्रवेश मला तोंडपाठ आहे. कृष्ण हात आडवा धरायचा की गौळणी लाजायच्या, कुजबुजायच्या, राधा तर अर्धी वितळलेलीच असायची. सगळ्यांना तो देव दिसत होता. एकटी मावशी पुढे यायची, डोळ्यांवर हात धरून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळायची आणि म्हणायची, “तू का रे? परवा माझ्या ओसरीवर नागडा रांगून राहिला होतास, आणि आज माझ्याकडे चुंगी मागून राहिलास?” हे ‘मागून राहिलास’ आमच्या इंदूरचं. पुण्याच्या पाहुण्यांना ते खटकतं, आम्हाला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. बाबा घरी शुद्ध बोलायचे, कारण आजोबांचा धाक होता. मावशीच्या तोंडी मात्र ते सगळी रामबाग घालायचे, आणि लोक हसायचे ते आपलीच बोली उजेडात, माईकवर ऐकल्याच्या आनंदाने. मथुरेचा बाजार कधीच इंदूरचा सराफा बाजार झालेला असायचा, लोण्याचा हंडा रबडीचा व्हायचा, आणि दान न देता जायचं असेल तर सराफ्याच्या बोळातून कुठून निसटावं, हे मावशी पोरींना नीट समजावून सांगायची. मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला अनंत चतुर्दशीची रात्र जागून काढणारं ते गाव. त्या गावाला वर्षभर दाबून ठेवलेलं हसू या बाईच्या पदराखाली मोकळं करता यायचं.

आणि ती मावशीच का? आई का नाही, आत्या का नाही? मी यावर खूप विचार केला आहे. आईला हसता येत नाही, हसलं तर जीभ चावावी लागते. आत्याच्या नात्यात मान आहे, देणंघेणं आहे, लग्नकार्यात तिचा रुसवा काढावा लागतो. मावशीला घरात मान कमी आणि हक्क जास्त. माय मरो पण मावशी जगो, असं आपण म्हणतोच. आईच्या मायेत जो धाक असतो तो वजा केला की जे उरतं, ते मावशीकडे असतं. तिच्या मांडीवर लोळता येतं, तिची नक्कल करता येते, आणि नक्कल करताना ती बघत असली तरी चालतं.

असं आम्ही धरून चालतो.

बाबांना या सगळ्याचा इतिहास ठाऊक होता, आणि रविवारी दुपारी पोह्यांवर शेव टाकता टाकता ते तो सांगायचे. संगमनेरच्या शाहीर अनंत फंदीची गोष्ट त्यांच्या विशेष आवडीची. फंदी तमाशा करतो हे अहिल्याबाईंना रुचलं नाही, ब्राह्मणाने हे करू नये असं त्या म्हणाल्या, आणि त्याने तिथेच डफ फोडून कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे. आमच्या गावात अहिल्याबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तरी बाबा दरवेळी गोष्ट संपवून जरा वेळ गप्प बसायचे आणि म्हणायचे, “डफ फोडायला नको होता, कुणाला तरी देऊन टाकायचा.” त्याच संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईंबद्दलही सांगायचे. तमाशात उभी राहिलेली पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात, शाहीर पठ्ठे बापूरावांबरोबर त्यांनी गावंच्या गावं वेडी केली. त्याआधी नाच्या पोऱ्या लुगडं नेसून नाचायचा. बाया आल्या आणि नाच्या मागे पडला. राधा बाई झाली, गौळणी बाया झाल्या. मावशी तेवढी पुरुषच राहिली. का, ते बाबांनी सांगितलं नाही. मला वाटतं, इतकी मोकळी जीभ खऱ्या बाईच्या तोंडी ऐकायची लोकांची तयारी नव्हती. लुगड्याच्या आत पुरुष आहे हे माहीत असलं की ती काहीही बोलली तरी कुणाच्या अंगाला झोंबत नाही.

उज्जैनला बाबांनी माच, म्हणजे माळव्याचं लोकनाट्य, पाहिला होता. आधी भिश्ती येऊन पाणी शिंपडून धूळ बसवतो, मग फर्रासन जाजम अंथरते, तीही पुरुषच, आणि मग शेरमारखां नावाचा विदूषक खेळभर मध्ये मध्ये घुसत राहतो. बाबांच्या मावशीच्या हातवाऱ्यांत शेरमारखांचा अंश होता, हे ते कबूल करायचे. थोडं तमाशातल्या दादू इंदुरीकरांचंही होतं. ‘गाढवाचं लग्न’मधला त्यांचा सावळ्या कुंभार बाबांनी पुण्याला जाऊन पाहिला होता. इंदुरीकर हे नाव ऐकून आमच्या वाड्यातल्या अर्ध्या लोकांना ते आपल्याच गावचे वाटायचे, आणि ते मावळातल्या इंदुरीचे, हे सांगताना बाबांनाही जरा वाईट वाटायचं. म्हणजे बोलणं कुठून आलं, हात कुठून आले, थबकून प्रेक्षकांकडे बघणं कुठून आलं, हे सगळं बाबांनी वेगवेगळ्या वेळी मला सांगितलं होतं. पायांबद्दल ते कधी बोलले नाहीत.

मोठी मावशी आमच्याच वाड्यात, मागच्या दोन खोल्यांत राहायची. लहानपणी देवासला, टेकडीखालच्या आजोळच्या घरी, जांभळीवरून पडून तिचा उजवा गुडघा कायमचा वाकडा झाला. ती बालमंदिरात शिकवायची आणि संध्याकाळी पोलकी शिवायची. तिचं लग्न झालं नाही. ते गुडघ्यामुळे झालं नाही हे घरात कुणी मोठ्याने म्हणत नसे, पण आम्हाला ठाऊक होतं. तेव्हा मुलगी बघायला आले की पोहे होत, मुलीला चारदोन प्रश्न विचारले जात आणि मग कुणीतरी काकू अगदी सहज स्वरात म्हणत, “जरा चालून दाखव हो, त्या खिडकीपर्यंत.” आईने हे मला एकदाच सांगितलं होतं, माझ्या स्वतःच्या बघण्याच्या वेळी, आणि सांगता सांगता उठून आत गेली होती.

मंडपातल्या त्या वाक्यानंतर ही खिडकी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. एक बाई अंगणातून कळशी घेऊन येते, चार पावलांवर थांबते, कारण पाचव्याला कळ येते. मागे वळून बघते, कारण थांबल्याचं कारण कुणाला कळू नये. आणि तिच्या बहिणीचा नवरा व्हरांड्यात बसून ते पाहतो, मोजतो, आणि दोनशे माणसांसमोर करून दाखवतो. दोनशे माणसं हसतात. मीही हसत होते. वर्षानुवर्षं, तिच्याच मांडीवर बसून, मग तिच्या शेजारी बसून. माझ्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आई, हे आज कुणी केलं तर लोक धरतील.” त्याचं चुकलं नाही. पण बाबांना मी ओळखत होते. मिल बंद पडली त्या वर्षीही, पगाराचे पैसे अडकलेले असताना, त्यांनी मिशी काढली होती आणि कुणाच्याही दुःखावर बोट न ठेवता सगळ्या चाळीला हसवलं होतं. असा माणूस आपल्याच घरातल्या बाईचा गुडघा उचलून नेईल आणि त्याला काही वाटणार नाही, हे माझ्या मनात बसत नव्हतं. आणि बाबांवर रागवायचं तर ते आता भिंतीवर होते, हार घातलेले. दहा महिने मी हे तसंच घेऊन फिरले. मावशीकडे दर आठवड्याला जात होते, औषधं भरून ठेवत होते, नखं कापून देत होते. विचारलं नाही.

आषाढात एका सकाळी मी पोहे डब्यात घालून नेले. बाहेर पिसाट पाऊस. ती पलंगावर पाय सोडून बसली होती, गुडघ्यावर तेल घातलेलं, खोलीभर तिळाच्या तेलाचा आणि ओव्याचा वास. खाऊन झाल्यावर मी विचारलं, ते सरळच विचारलं. बाबा तुझी नक्कल करायचे हे तुला कधी कळलं?

“दुसऱ्या पावलाला,” ती म्हणाली. “पहिल्याच वर्षी. तुझ्या आईलाही कळलं. ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.”

“आणि तू?”

ती बराच वेळ गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली की पहिल्या रात्री तिला खूप रडू आलं. खोलीचं दार लावून ती पडून राहिली आणि बाहेर लोक अजून हसत घरी चालले होते ते तिला ऐकू येत होतं. सात ठिकाणी चालून दाखवलं होतं मी, ती म्हणाली, सातही ठिकाणी चालून झाल्यावर सगळे गप्प व्हायचे. कप ठेवल्याचासुद्धा आवाज यायचा नाही. त्या रात्री पडल्या पडल्या तिच्या मनात आलं की त्याच चालीला आज कुणी गप्प बसलं नाही. हे चांगलं की वाईट, तिला ठरवता येईना. चौथ्या दिवशी बाबा तिच्या दाराशी आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, “चुकलं माझं. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी बघतो.” ती शिवत बसली होती. मशीनवरून मान वर न करता तिने त्यांना सांगितलं, “पदर उजव्या हाताने धरलात तुम्ही. मी डाव्याने धरते. उजवा गुडघ्यावर असतो.”

मला काही बोलता आलं नाही.

मग ती खुलली. पुढच्या वर्षापासून तालीम मागच्या खोलीत होऊ लागली, आम्ही पोरं झोपल्यावर. आई दाराशी बसायची, आधी रागाने, मग चहा घेऊन. वळताना आधी मान आणि मग खांदा, हे मावशीने शिकवलं. वाकताना कण्हायचं नाही, कण्हलं की लोकांना दया येते आणि हसू जातं, हेही तिनेच. “पोरी मोजायचं त्याचं होतं,” ती म्हणाली. “मी नुसती मागे बघायचे. तो म्हणाला, वळून बघते त्याला काहीतरी काम हवं. मग मीही बालमंदिरात तसंच करायला लागले. रस्ता ओलांडताना थांबायचं झालं की पोरं मोजायची. कुणाला काही वाटायचं नाही.” हे सांगताना ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं. तेवीस वर्षं गणपतीच्या पाचव्या रात्री ती पहिल्या रांगेत बसायची ते काय बघायला, ते मला तेव्हा कळलं. मी तिचा हात धरून बसले. बाबांनी एवढी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवली याचं वाईट वाटत होतं, आणि त्यांनी ती लपवली म्हणूनच ती तिची राहिली, असंही वाटत होतं.

“मग तीन पावलं का?” मी विचारलं. “तू तर चार म्हणालीस.”

“स्टेज केवढं होतं आपलं,” ती म्हणाली. “दोन तख्त जोडलेले. चौथ्या पावलाला पेटीवाला यायचा. पहिल्या वर्षी पेटीवर आपटला तो, तुला आठवत नसेल. तेव्हापासून तीन.”

पाऊस जरा ओसरला तशी मी डबा आवरला, तिच्या गुडघ्यावर गरम फडकं बांधलं, चपला घातल्या. फाटकाशी पोचले तर तिने खिडकीतून हाक मारली.

“तो मुलगा यंदाही करून राहिला आहे ना?”

“हो, सोमवारपासून तालीम आहे.”

“त्याला म्हणावं, मंडपात जागा भरपूर आहे. पेटी बाजूला सरकवा.”